बिनपगारी तीन महिने

२०२४ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. ऑफिस सुटल्यावर वस्तीतल्या अभ्यासिकेचे कुलूप उघडून, मुलांना अभ्यासाला बसवून मी रात्री साडेनऊच्या सुमारास घरी आलो. जेवायला बसलो तोच थोरली मुलगी समोर येऊन बसली. मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन ती नुकतीच मोकळी झाली होती.

"पप्पा, मला लोअर परळला एका जनसंपर्क संस्थेत इंटर्नशिप मिळाली. तीन महिने. सोमवारपासून जायचं आहे."

ऐकून आनंद झाला. मग कारकुनाच्या तोंडी जो प्रश्न पहिल्यांदा येतो तोच मी विचारला, "पगार किती?"

"पगार नाही. शेवटी सर्टिफिकेट देतात."

माझा घास हातातच राहिला. "फुकट राबायला आपण कुणाचे बांधील नाही. उद्या फोन कर आणि नाही म्हणून सांग," असे मी बोलून गेलो. माझ्या आवाजाने धाकटा अभ्यास सोडून दाराशी आला. पत्नी म्हणाली, "आधी पोरीचं ऐकून तरी घ्या."

मला एवढा राग का आला हे माझ्या वयाच्या आणि माझ्या समाजाच्या वाचकांना सांगायला नको. तरुण वाचकांसाठी सांगतो. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी महारकीची कामे करीत. सरकारी अंमलदार आला की त्याचे सामान वाहायचे, गावची राखण करायची आणि गावात कुणी मेले की त्याचा सांगावा घेऊन उन्हातान्हात, रात्री-अपरात्री दुसऱ्या गावी जायचे. पगार नाही. असेल ते बलुते, नाहीतर शिळी भाकरी. अंगात ताप असला तरी 'येत नाही' म्हणायची सोय नव्हती. हे वतन म्हणजे गुलामगिरीच आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. पण ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्या घरात फुकट राबणे असे संपले, त्या घरातली पदवीला शिकणारी मुलगी २०२४ साली बिनपगारी कामाला निघाली होती. माझ्या रागाचे मूळ हे होते.

मुलीने माझे सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाली, "पप्पा, पणजोबांना ते काम सोडता येत नव्हतं. मला सोडता येतं. शिवाय त्या कामातून पुढे जायला त्यांना वाट नव्हती. मला महिन्याभरात काही शिकायला मिळालं नाही, तर मीच सोडून येईन."

या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून मी आमच्या पेशाचे हत्यार काढले. कागद घेतला आणि हिशेब मांडला. मुलगी वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन महिन्याला तीन हजार रुपये मिळवीत होती. त्या बंद झाल्या म्हणजे नऊ हजारांची आवक गेली. त्यात कल्याणहून लोकलचा पास, कधी डबा नसेल तेव्हा जेवण, मोबाईलचे रिचार्ज, ऑफिसात शोभतील असे दोन ड्रेस आणि एक जोडी चपला. बेरीज चौदा हजारांवर गेली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की बिनपगारी म्हणजे शून्य रुपये नव्हे. आमच्यासारख्या घराला ते उणे चौदा हजार असते. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पंचवीस वर्षे झाली, पण हा जमाखर्च मला कुणी शिकवला नव्हता.

पतपेढीतून दहा हजारांचे कर्ज काढले आणि मुलगी सोमवारी कामावर गेली.

पहिल्याच दिवशी दुपारी तिचा फोन आला. "पप्पा, आजोबांची गिरणी हीच ना?" तिचे ऑफिस ज्या आवारात होते, त्याच आवारात माझे वडील बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडिलांचे काम गेले ते कायमचे. तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आता तिथे काचेची ऑफिसे आणि हॉटेले झाली आहेत.

गिरणीत लागायलाही ओळख लागे. जॉबरच्या ओळखीशिवाय गेटाच्या आत पाऊल पडत नसे, असे वडील सांगत. आपल्या माणसांना तर त्याहून मोठी आडकाठी होती. साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार जास्त मिळे. पण तिथे तुटलेला धागा जोडताना तोंडाची थुंकी लावावी लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा चालणार नाही म्हणून आपल्या कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. आज असा विटाळ पाळणारी पाटी कुठल्या ऑफिसावर नाही. पण आत शिरायला ओळख लागते, हे मात्र फारसे बदललेले नाही. मुलीने तेवीस ठिकाणी अर्ज पाठवले होते. उत्तरे आली दोन. त्यातले एक तिच्या प्राध्यापिकेने शब्द टाकला म्हणून आले. तिच्याबरोबरच्या एका मुलीचे वडील आणि त्या संस्थेचे मोठे साहेब जुने स्नेही होते. तिला अर्जच करावा लागला नव्हता. ती मुलगी स्वभावाने चांगली, डबा वाटून खाणारी. तिच्या घरी ते चौदा हजार कुणाच्या लक्षातही आले नसतील, एवढेच.

आता जनसंपर्क म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. मला स्वतःला वाटायचे की गोड बोलून माणसे गुंडाळायची, की झाला जनसंपर्क. मुलीने समजावले ते असे. जाहिरात म्हणजे पैसे देऊन घेतलेली जागा. तिथे आपल्याला हवे ते छापता येते. जनसंपर्कात बातमीदाराला माहिती द्यायची असते. ती छापायची की नाही हे तो ठरवतो. म्हणून ती माहिती बातमीच्या मोलाची असावी लागते आणि खरी असावी लागते. महानगरपालिका, रेल्वे, विद्यापीठे, रुग्णालये, बँका अशा सर्व ठिकाणी जनसंपर्क अधिकारी असतात. राज्य सरकारचे तर माहिती व जनसंपर्क महासंचालनालयच आहे, 'लोकराज्य' मासिक काढणारे. या व्यवसायातल्या लोकांची पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संघटना १९५८ साली स्थापन झाली. वाचकांच्या लक्षात आलेच असेल, वतने रद्द करणाऱ्या कायद्याचे सालही तेच.

मुलीचे काम सकाळी नऊला सुरू होई. सगळी वर्तमानपत्रे चाळायची, ज्या संस्थांचे काम हाती आहे त्यांच्याविषयी काय छापून आले ते कापून, तारीख टाकून लावायचे. कोणत्या पत्रात आरोग्याचा विषय कोण पाहतो, शिक्षणाचा कोण, याची यादी अद्ययावत ठेवायची. बातमीदाराला फोन केव्हा करायचा हेही शास्त्र आहे. संध्याकाळी पाने लावण्याच्या घाईत फोन केला तर तो चिडणारच. पहिले दोन आठवडे तिने फक्त कात्रणे लावली. घरी येऊन ती गप्प बसे आणि मी मनात कर्जाचा हप्ता मोजत असे.

तिसऱ्या आठवड्यात एक प्रसंग घडला. इंग्रजी पत्रकाचे मराठी भाषांतर संगणकाकडून करून वर्तमानपत्रांना पाठवले गेले होते. एका मराठी बातमीदाराने फोनवर हसत विचारले, "अहो, हे मराठी कुणाचं?" ऑफिसात इंग्रजी फडाफड बोलणारे पुष्कळ, पण सरळ मराठी लिहिणारे कुणी नव्हते. मुलीने ते पत्रक अर्ध्या तासात नव्याने लिहून दिले. तेव्हापासून मराठी लेखनाचे काम तिच्याकडे आले. नगरपालिकेच्या शाळेत शिकलो म्हणून इंग्रजीत मागे पडतो, अशी खंत आपली मुले बाळगतात. त्यांना मला हे मुद्दाम सांगायचे आहे. आपली भाषा नीट लिहिता येणे आणि वस्तीतला माणूस कसा विचार करतो हे ठाऊक असणे, ही या व्यवसायात भांडवल म्हणून धरायची गोष्ट आहे. इंग्रजी शिकावेच लागते, पण हे भांडवल टाकून देऊ नये.

त्याच सुमारास माझीही परीक्षा झाली. आमच्या अभ्यासिकेच्या वर्धापनदिनाचे पत्रक मी तयार केले होते. गेली पंधरा वर्षे मी अशी पत्रके लिहितो आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत नेऊन देतो. छापून आलेली एका हाताच्या बोटांवर मोजावीत. दरवेळी मी म्हणायचो, आपले आहे म्हणून छापत नाहीत. मुलीने माझे पत्रक वाचले आणि विचारले, "पप्पा, पहिल्या नऊ ओळींत सगळे 'मा.' आणि 'शुभहस्ते' आहेत. यात बातमी कुठे आहे?"

मी म्हणालो, "शेवटी आहे की. अभ्यासिकेतली सहा मुलं यंदा सरकारी भरतीत लागली."

"मग ती पहिल्या ओळीत पाहिजे. काय घडलं, कुठे, कधी, कुणाचं, कसं, एवढं आधी. पाहुण्यांची नावं शेवटी."

तसे लिहून दिले. चौथ्या दिवशी एका दैनिकाच्या स्थानिक पानावर आठ ओळी आल्या. पाहुण्यांपैकी एकाचेही नाव नव्हते, त्यामुळे दोघे माझ्यावर रुसले. पण ती बातमी वाचून शेजारच्या वस्तीतली अकरा मुले अभ्यासिकेत नाव घालायला आली. आपली बातमी दाबली जाते हे इतिहासाने सिद्ध केलेले सत्य आहे. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. तो अनुभव विसरायचा नाही. पण माझी पत्रके टोपलीत गेली त्यातली काही माझ्याच चुकीने गेली, हे कबूल केले पाहिजे.

खरी कसोटी दुसऱ्या महिन्यात लागली. एका कंपनीने गरीब वस्तीत नेत्रतपासणी शिबिर घेतले. येणाऱ्यांची नावे लिहायला माझी मुलगी टेबलावर बसली होती. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ बाईंनी पत्रकाचा मसुदा तिच्याकडे दिला. त्यात '५०० नागरिकांनी लाभ घेतला' असे होते. मुलीच्या रजिस्टरात नावे होती २१२. तिने विचारले. बाई म्हणाल्या, "असे आकडे थोडे वाढवूनच लिहायचे असतात."

त्या रात्री मुलगी उशिरा आली. जेवली नाही. म्हणाली, "पप्पा, मी बोलले तर सर्टिफिकेट अडकेल. न बोलता मराठी करून दिलं, तर ते पाचशे माझ्या हातचे."

माझ्या डोळ्यांपुढे पतपेढीचे कर्ज होते, तिच्या शिकवण्या गेल्या होत्या. 'जाऊ दे, आपण नोकर माणसं' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, हे मी लपवत नाही. पण पंचवीस वर्षे मी रजिस्टरे लिहिली आहेत. रजिस्टर आणि अहवाल जुळला नाही की पहिला कोण अडकतो, हे मला ठाऊक आहे. सर्वांत खालचा माणूस अडकतो. मी तिला एवढेच सांगितले, "भांडू नकोस. रजिस्टर समोर ठेव आणि विचार, बातमीदाराने नावं मागितली तर काय द्यायचं?"

तिने तसेच विचारले. बाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस तिला बैठकीला बोलावले नाही. मात्र पत्रक गेले ते २१२ च्या आकड्याने. आणि एका बातमीदाराने खरोखरच फोन करून चष्मे मिळालेल्या दोन बायकांचे पत्ते मागितले. मुलीने त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने ते दिले.

मुलीच्या अभ्यासक्रमात अमेरिकेच्या आयव्ही ली यांचा धडा आहे. अपघात झाला की रेल्वे कंपन्या तो दडवायच्या, असा तो काळ. ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ गाडी पुलावरून पाण्यात पडून पन्नासहून जास्त माणसे दगावली. तेव्हा ली यांनी कंपनीतर्फे स्वतःहून लेखी माहिती दिली आणि बातमीदारांना घटनास्थळी नेले. आजच्या प्रसिद्धिपत्रकाची सुरुवात पुष्कळजण तिथून मानतात. पण त्याच माणसाची पुढची गोष्टही आपण वाचली पाहिजे. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतल्या लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर हल्ला झाला. जळत्या तंबूखालच्या खड्ड्यात २ स्त्रिया आणि ११ मुले मेली. त्या संपातले प्रमुख मालक रॉकफेलर घराणे. त्यांनी आपली बाजू मांडायला ली यांना नेमले. त्यांच्या पत्रकांतून कामगार पुढाऱ्यांच्या मानधनाचे फुगवलेले आकडे छापले गेले आणि ते उघडकीस आले. लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांना 'विषारी आयव्ही' असे नाव दिले. एकाच माणसाच्या लेखणीने दोन्ही कामे केली. मुलीला मी म्हणालो, "तुझ्या या धंद्यात पाचशे आणि दोनशे बाराचा प्रश्न रोज येणार. कोणत्या बाजूला उभं राहायचं ते आधीच ठरवून ठेव."

तिसऱ्या महिन्यात कॉलेज सुरू झाले. सकाळचे तास करून ती दुपारी ऑफिसला जाऊ लागली. तेव्हा तिने स्वतः केलेल्या कामांची तारीखवार यादी वरिष्ठांना दिली आणि निदान प्रवास व जेवणखर्च मिळावा अशी लेखी विनंती केली. त्याच बाईंनी ती वर पाठवली. तिसऱ्या महिन्याचे चार हजार मिळाले. आपल्या कामाचे पैसे मागायला तिने संकोच केला नाही, याचे मला सर्टिफिकेटापेक्षा जास्त समाधान वाटले.

त्या संस्थेत तिला पुढे नोकरी मिळाली नाही. पण पदवीनंतर, २०२५ च्या जूनमध्ये, एका धर्मादाय रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागात ती मुलाखतीला गेली तेव्हा तिच्याजवळ कात्रणांची फाईल होती. साहेबांनी निकालपत्रकावर नजर टाकली आणि फाईल मात्र पाऊण तास पाहिली. पगार फार नाही, पण काम तिच्या आवडीचे आहे.

तेव्हा पालकांना आणि मुलांना माझे अनुभवाचे सांगणे आहे. इंटर्नशिप घेण्यापूर्वी किती महिने, किती तास, काय शिकवणार आणि काय देणार हे कागदावर घ्या. इंटर्नशिपसाठी उलट पैसे मागणाऱ्याच्या दारात जाऊ नका. महिनाभर नुसता चहा आणि झेरॉक्स असेल तर सोडून द्या. स्वतः केलेल्या प्रत्येक कामाची प्रत ठेवा. मुलींच्या पालकांनी हेही लक्षात ठेवावे की कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे.

पैशाचा प्रश्न मात्र सल्ल्याने सुटत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने अप्रेंटिसला विद्यावेतन मिळते. कॉलेज शिकत इंटर्नशिप करणाऱ्याला त्या कायद्याचे छत्र आपोआप मिळत नाही. २०२४ साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तेव्हा बारावी उत्तीर्णाला महिना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये ठरले. केंद्रानेही त्याच वर्षी महिना ५ हजारांची योजना आणली. पण दोन्ही योजना आखल्या त्या शिक्षण संपवून घरी बसलेल्यांसाठी. शिकता शिकता पहिली पायरी चढणारा विद्यार्थी त्यांत बसला नाही.

म्हणून अभ्यासिकेतल्या आम्ही आठ नोकरदारांनी एक छोटे काम सुरू केले आहे. दरमहा प्रत्येकी दोनशे रुपये जमवायचे आणि इंटर्नशिप करणाऱ्या एका वेळी एका मुलाला पास आणि जेवणाचा खर्च द्यायचा. सोळाशे रुपयांत काय होते, असे कुणी म्हणेल. लोकलचा पास होतो आणि डब्याला भाजी होते. शिवाय, ज्यांची मुले नोकरीला लागली आहेत त्यांनी आपल्या ऑफिसात कुठे जागा आहे ते अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहायचे ठरवले आहे. ओळख नसलेल्यांची ओळख आपणच झाले पाहिजे.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा फळ्यापाशी घुटमळत होता. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. मला म्हणाला, "काका, एका ठिकाणी घेतायत. पण बिनपगारी आहे. आई नको म्हणते."

मी त्याला बसवले, कागद घेतला आणि म्हणालो, "आईचं बरोबर आहे. चल, आधी किती कमी पडतात ते मांडू."